लेकीसाठी मागितलेला ताप

आत्याबाई, तुमच्या नातीला ताप यावा म्हणून मी देवीला नवस बोलले. हे इथं कोणाजवळ बोलता येत नाही. तुमचा मुलगा असता तर त्याला सांगितलं असतं, पण तोही जाऊन आता चार वर्षं होतील. राजापेठेतल्या या दोन खोल्यांत मी त्याच्या पेन्शनवर एकटीच असते. वरच्या मजल्यावर ट्यूशन क्लास आहे, सकाळ-संध्याकाळ पोरांच्या गाड्या जिन्याखाली लागतात, नुसता गलका असतो, आणि तरी दिवसभरात माझ्याशी बोललेलं माणूस म्हणजे दूधवाला. म्हणून मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेची पानं काढली. मागून कोरी असतात, कागद वाया जायला नको, हे तुमचंच शिकवणं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पोथी मीच वाचून दाखवायची आणि तुम्ही शेंगा सोलत ऐकायच्या. हेही तसंच वाचून दाखवते आहे असं समजा.

तुम्ही मला सून करून आणली तेव्हा मी मॅट्रिक पास होते. त्याचा तुम्हाला अभिमान होता आणि थोडा रागही होता. भातकुलीजवळच्या आपल्या मळ्यातली भाजी घेऊन तुम्ही अमरावतीच्या बाजारात बसायच्या, मला शेजारी बसवून दिवसाचा हिशोब लिहायला लावायच्या आणि गिऱ्हाइकासमोर म्हणायच्या, "माही सून मॅट्रिक हाये, पन मेथी कोनती अन् शेपू कोनता, हे मलेच सांगा लागते." बायका हसायच्या, मी खाली मान घालून आकडे मांडायची. एकदा शेजारच्या कांदेवाल्या काकू तुम्हाला म्हणाल्या, "देवीले नवस बोला ना, सुनेची कूस उजवन लवकर." तुम्ही पालकाच्या जुड्यांवर पाणी मारत होत्या. मान वर न करता म्हणालात, "भाव कराचा तं म्या बजारात करतो. देवापाशी नाई." इतकी वर्षं तुमच्यासोबत काढली, देवीपुढं तुम्ही काही मागताना मी कधी ऐकलं नाही. तुम्ही नुसता हात जोडायच्या आणि निघायच्या. मला ते तेव्हा कोरडं वाटायचं. मी तर दर मंगळवारी काही ना काही मागत आले.

अकोल्याची गोष्ट आपण दोघी पुन्हा कधी बोललो नाही. पहिलंच होतं, पाचवा लागलेला, मी माहेरी अकोल्याला गेले होते. मोरीत भांडी घासताना पायांवरून कोमट पाणी वाहिलं. मला वाटलं घागर लवंडली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पाणी सगळं गेलं आहे, लेकरू वाचायचं नाही, पिशवी रिकामी केली नाही तर हिच्या अंगात विष भिनेल. माझी आई पदर तोंडाला लावून एकच म्हणत होती, "त्याची धुकधुकी अजून चालू हाये म्हनते, मंग कसं करावं व बाई?" आणि बाबा म्हणत होते, "लेक दिलेली हाये. सासरची मानसं आल्याबिगर आमी काही म्हनू शकत नाही." तुम्हाला निरोप धाडला. तोवर मला थंडी वाजून ताप भरला. खाटेभोवती मामा, काका, मावशी, सगळे उभे, आणि कोणीच काही करत नव्हतं.

तुम्ही एस. टी. नं आलात ते मळ्यातूनच आल्यासारख्या, लुगडं खोचलेलं, तुमचा मुलगा मागं पिशवी घेऊन. मला आधी भीतीच वाटली, की आता ओरडाल, माहेरी जाऊन काय उचललं म्हणून. तुम्ही माझ्याकडं बघितलं, डॉक्टरीणबाईंकडं वळलात. "सही कोनाची लागते?"

"हिचीच लागते," त्या वैतागून म्हणाल्या. "कालपासून सांगते आहे यांना. दुसऱ्या कोणाची नको."

तुम्ही सगळ्यांवरून नजर फिरवली. "मंग हे इतले लोकं काहून उभे हाये इथी?"

मग माझ्या उशाशी बसून तुम्ही पेन माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, आत्याबाई, पाप लागेल. तुम्ही म्हणालात, "लागलं तं मले लागन. तू नाव लिही. मले सून जिती पाह्यजे." माझं नाव मी कधी इतकं वाकडं लिहिलं नसेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही डब्यातून तांदळाची पेज आणली, स्वतः चमच्यानं पाजली आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्या आईला दोन शब्द सुनावलेही. गावात परत आल्यावर विचारायला आलेल्या बायकांना तुम्ही ओसरीवरूनच वाटेला लावलं, "टायफाईड झालता सुनेले." तेवढंच. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तुमची नात झाली, ती तुम्ही रिकाम्या टोपल्यात बसवून बाजारात मिरवली.

ती आता इंजिनीअर आहे, आत्याबाई. नवऱ्यासोबत अमेरिकेत असते. तिला दिवस गेले हे मी कोणाला बोलले नव्हते, पाचवा पूर्ण होऊ द्यावा आणि मग सांगावं, असं आपल्यात असतं म्हणून. एका सकाळी गॅसवर दूध होतं आणि तिचा फोन आला. "आई, पाणी गेलं." पुढचं तिला सांगावं लागलं नाही. मी गॅस बंद केला. म्हटलं, "दवाखान्यात आहेस ना? मग करतील आता ते."

"नाही करणार. घरी पाठवलं मला."

तिनं समजावून सांगितलं, मला दोनदा विचारावं लागलं. ती ज्या राज्यात राहते तिथं काही वर्षांमागं कायदा बदलला. बाळाचे ठोके चालू आहेत तोवर डॉक्टरनं पिशवीला हात लावायचा नाही. आईचा जीव धोक्यात असेल तर सूट आहे. मी म्हटलं, "मग हा धोका नाही तर काय आहे?" ती म्हणाली, "अजून नाही म्हणतात. ताप आला, खूप रक्त गेलं, तर या म्हणाले. नाहीतर डॉक्टरला जेल होते, आई. ती डॉक्टर बिचारी स्वतः रडत होती." म्हणजे आजार येणार हे सगळ्यांना माहीत, त्याचा उपाय माहीत, उपाय करणारी बाई समोर बसलेली, आणि तिनं आजाराची वाट बघायची. जावयांनी दुसऱ्या राज्यातला दवाखाना शोधला होता, पण त्यांची तारीख दोन-तीन दिवसांनंतरची, आणि गाडीनं दिवसभराचा रस्ता. वाटेत काही झालं तर कुठं थांबायचं?

तुमच्याशी खोटं कशाला बोलू, पोटातला जीव पाडणं हे पाप आहे असं मी जन्मभर म्हणत आले. भजनी मंडळात विषय निघाला की माझीच मान आधी हलायची. आपल्या इकडं सोनोग्राफी करकरून किती पोरी पाडल्या लोकांनी, ते मी बघितलं आहे, त्याला आजही मी पापच म्हणेन. तिकडचा कायदा मी पेपरात वाचला असता तर चांगल्या मनाच्या माणसांनी केला असेल, असं म्हणून पान उलटलं असतं. पण सूट ठेवली आणि ती मिळवायला आधी मरणाच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचं, ही कसली सूट? आणि उंबरा आला हे ठरवणार कोण, तर ज्याला जेलची भीती आहे तो.

लेक म्हणाली, "आई, मी पाप करते आहे का गं? मशीनमध्ये ठोके ऐकू येतात." तेव्हा मी तिला अकोल्याचं सांगितलं, सगळं, पेजेपर्यंत. ती म्हणाली, "इतकी वर्षं तू काहीच बोलली नाहीस."

"तुझ्या आजीनं बोलूच दिलं नाही कोणाला."

ती हसली थोडंसं. रडतच हसली. "आजी इथं पाहिजे होती." आणि मग, "तू देवीला सांग ना काहीतरी."

मी गेले. गर्दी नव्हती. देवीसमोर उभी राहिले आणि काय सांगावं ते सुचेना. लेकरू वाचव म्हणावं तर पाण्याशिवाय लेकरू कसं वाचणार, ते मला ठाऊक. ठोके थांबू दे म्हणावं, तर आजी होऊन तसं बोलायला जीभच उचलेना. मग उरलं काय? मी म्हटलं, हिला ताप येऊ दे. लवकर येऊ दे. मी तुझी ओटी भरीन. जन्मभर जे म्हणत आले तेच तोंडातून निघालं, आणि पायऱ्या उतरताना आठवलं, तुमचा मुलगा गेल्यापासून मी ओटी भरत नाही.

दुसऱ्या दिवशी जावयांचा निरोप आला, ताप चढला, दवाखान्यात नेतो आहे. आत्याबाई, मला आनंद झाला. मी देवापुढं साखर ठेवली. लेकीला ताप आला म्हणून मी साखर ठेवली.

नंतरचं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. ताप होता, पण तो पुरेसा आहे का, हे एका डॉक्टरनं ठरवून चालत नव्हतं. दुसऱ्याचं लेखी लागलं, मग दवाखान्याच्या वकिलाला विचारलं. हे सगळं होईतो विष रक्तात गेलं होतं. पिशवी रिकामी केली, पण लेक अतिदक्षता विभागात पडून राहिली, तोंडात नळी. जावई फोन तिच्या कानाशी धरायचे, म्हणायचे, बोला आई, तिला ऐकू येतं. मी घरातलं सांगायची. वरच्या पोरांनी आज जिना घाण केला, तूर महाग झाली, तुळशीला मंजिऱ्या आल्यात. मनात एकच चालायचं की ताप मागितला तेव्हा किती, हे मी बोललेच नाही. तुमच्या भाजीच्या पाटीशेजारी इतकी वर्षं बसले आणि माप न सांगता मागून आले.

ती वाचली. नोकरीवरही जाते. पुढं दिवस राहतील का, हे डॉक्टर सांगत नाहीत, आतून खराब झालं आहे म्हणतात. हे तिनं मला सांगितलं ते दुसऱ्याच्या लेकीचं सांगावं तसं. रडली असती तर मला काही म्हणता आलं असतं. इथं तर कोणाला काही माहीतच नव्हतं, मग कोण येऊन बसणार माझ्याजवळ? सुतक म्हणावं तर दिलेल्या लेकीच्या न जन्मलेल्या लेकराचं आपल्याकडं काही धरत नाहीत. तरी मी काही दिवस दिवा लावला नाही.

नवस राहिला होता. देवीनं तिच्या बाजूनं दिलं होतं, मी मागितलं तेच. बरेच महिने मी टाळलं. कधी मनात यायचं, ही ओटी मी का भरावी? मग तुमचा आवाज यायचा, भाव तू केला ना, मंग दे. या मंगळवारी खण, नारळ, तांदूळ घेऊन गेले. रांग होती. माझ्यापुढं एक सवाष्ण होती, नांदगाव खंडेश्वरची, हातभर हिरव्या बांगड्या. मी म्हटलं, "बाई, माझ्या लेकीच्या नावानं एवढी ओटी भराल का? मला चालत नाही."

"भरतो ना व मावशी, त्यात काय! नवसाची हाये काय?"

"हो."

"पावली मंग देवी?"

"पावली," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

तिचं तोंड फुललं. "बाप्पा! कितवा हाये पोरीले?"

तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "पाचवा."

झालं, बाई सुटलीच. "पाचवा म्हंजे आता फिरत असन पोटात. तिले म्हना, बादली-गिदली उचलू नोको. अमेरिकेत हाये म्हनता? अन् तिचं तिथी कोन करते मंग? नाही नाही, तुमी जाच मावशी, नातवाचं तोंड पाह्याले नाही जाल तं काय त्या पेंशनीचं लोनचं घालता काय? डिंकाचे लाडू न्या. इमानात चालते, माह्या ननंदेनं नेले होते डबाभर." मी विचारलं, डिंक किती घालायचा. मला येतात ते लाडू, तुमच्याच हाताखाली शिकले. तरी विचारलं, आणि तिनं सगळं सांगितलं, खारीक किती, खोबरं किती, डिंक मंद आचेवरच फुलवायचा. पोरगा होवो की पोरगी, ती म्हणाली, तुमच्यासारखं नाक असलं म्हणजे झालं. मी हसले. खरंच हसले.

तिनं ओटी भरली आणि डोळे मिटून माझ्या लेकीसाठी स्वतःचंही काहीतरी मागितलं. लेकीला यातलं काही सांगणार नाही. फोटो काढून ही पानं तिला पाठवता येतील, तीही पाठवणार नाही. देवीच्या दारात खोटं बोलले म्हणून तुम्ही रागवाल, रागवा. पण ती बाई बोलत होती, रांग एकेक पाऊल पुढं जात होती, आणि मला वाटत होतं, इतक्या लवकर सरकू नये.