शिवेअलीकडचा पेपर

११ जानेवारी

चुकलंच माझं. दिवाळीनंतर आज उघडतेय ही वही. कारण सांगायला गेले तर वर्गातल्या पोरांसारखं होईल — 'मॅडम, लाइट नव्हती!' कारण काही नव्हतं. कंटाळा होता, बस.

आता कंटाळा चालायचा नाही. बारावी कला, भूगोल. प्रात्यक्षिक तोंडावर, लेखी फेब्रुवारीच्या शेवटी. गेल्या वर्षी चार जण भूगोलातच गेले. यंदा एकही जाऊ द्यायचा नाही. आज वर्गात बजावलं — गाईडमधलं उत्तर लिहिलंत तर मी वाचणार नाही. मागून ज्ञानेश्वर म्हणाला, "मॅडम, बोर्डवाले तं वाचतीन ना!" सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं का?

२० जानेवारी

प्रात्यक्षिक पार पडलं. काजलने आपल्या गावाचा, डोंगरखेडचा, भूमी उपयोजन नकाशा केला होता. शेती, गायरान, गावठाण, नाला, फाट्यावरची शाळा, सगळं रंगवून. नाल्यालगत ठळक रेघ — गावची शीव. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तुम्ही काढून दिला का?" मी भडकले! पूर्ण गुण दिले आणि सही केली.

२९ जानेवारी

आज फक्त नकाशा बांधणे. दरवर्षी एखादा शहाणा नकाशा भरतो आणि बाकावरच सोडून येतो. दोऱ्याने उत्तरपत्रिकेला बांधायचा, गाठ मारायची, ओढून बघायची. पोरं वैतागली. वैतागू देत.

काजल आली नाही. कालही नव्हती.

३० जानेवारी

कळलं. काजलचं लग्न, २७ फेब्रुवारीला. भूगोलाचा, म्हणजे तिचा शेवटचा पेपर २६ला! नवरा फौजेत, सुट्टी तेवढीच.

लग्नाला मी कोण नाही म्हणणार? पोरगी एकोणीस पूर्ण आहे, मुलगा तिच्या पसंतीचा आहे. पण पोलीस भरतीला बारावी लागते, आणि तिने भरतीसाठी वर्षभर पहाटे धावून पाय घट्ट केलेत. पुन्हा परीक्षा जुलैत. तोवर ती सासरी. तिथून कोण सोडतं भूगोलाला?

३ फेब्रुवारी

डोंगरखेडला जाऊन आले. जावं की नाही, यात चार दिवस घालवले. दुसऱ्याच्या घरात मी का नाक खुपसावं? मग वाटलं, एका पेपरापुरतं खुपसावं.

काजलचे वडील पुंजाजी ओसरीत तूर पाखडत होते. ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, माही ना नाही. पन पाव्हण्याकडची आजी हाय. तिचा हट — हयद तीन दिवसाची. आन हयद लागली का नवरीनं शीव वलांडाची नाही."

परीक्षाकेंद्र फाट्यावरच्या शाळेत. शाळेची पाटी शेजारच्या वडाळीची. म्हणजे शिवेपलीकडे. आणि हळद २४लाच लागणार.

काजल दारात उभी होती. तिचं असं गप्प राहणं मला माहीत आहे. अवघड प्रश्न सोडवताना अशीच असते.

१० फेब्रुवारी

वा रे पोरी!

पुंजाजींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. नवऱ्या मुलाचे काका भगवानराव आले होते. चहा झाला, आणि काजलने प्रात्यक्षिकाचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला.

"काकाजी, हा नाला. नाल्याच्या अलीकडं डोंगरखेड, पलीकडं वडाळी. आन शाळा कुठं हाय? अलीकडं. मंग मी शीव वलांडतो कुठं?"

भगवानराव नकाशाकडे बघतच राहिले. मिशीवरून हात फिरवला.

"पाटी तं वडाळीची हाय ना वं?"

"पाटी पेंटरनं लिवली काकाजी. नकाशा परीक्षेत पास झाला."

"हाव," पुंजाजी म्हणाले, "मॅडमची सही हाय त्याच्यावर."

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. भगवानराव उठता उठता म्हणाले, "कागदावर हाय मंग हाय. आजीले मी सांगतो."

येताना एसटीत एकटीच हसत होते. इतक्या वर्षांत भूगोल कुणाच्या कामी आलेला पाहिला तो आज!

१२ फेब्रुवारी

उजळणी. ज्ञानेश्वरला लोकसंख्या मनोरा अखेर समजला. त्याच्याच शब्दांत — "खाली पोट्टे, वर बुढे." चालेल.

२१ फेब्रुवारी

केंद्र बघून यावं म्हणून फाट्यावर गेले. जायलाच नको होतं.

शाळेच्या अलीकडे, डोंगरखेडच्या बाजूला, बाभळींनी भरलेला एक कोरडा चर आहे. त्यात शेंदूर फासलेला दगड. शिवेचा. नाला पूर्वी इथून वाहत होता. रस्ता रुंद केला तेव्हा तो शाळेच्या मागून वळवला. काजलने नवा नाला शीव धरला. पण पाणी वळवलं म्हणून शीव सरकत नाही — हे मीच शिकवते! शाळा वडाळीतच आहे. आणि नकाशावर माझी सही.

बघून सही केली होती मी? रंग बघितले. अक्षर बघितलं. शीव बघितली नाही.

२२ फेब्रुवारी

यांना सांगितलं. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "रेवती, चूक तुला एकटीलाच दिसली ना? मग गप्प बस."

वर्षभर पोरांना काय सांगितलं मी? येत नसेल तर जागा कोरी सोडा, पण नकाशात खोटं भरू नका.

बोलले तर तिचा पेपर जातो.

२३ फेब्रुवारी

काजलचा शेवटचा तास. उद्यापासून हळद. वस्त्यांचे प्रकार विचारले, धडाधड सांगितले. जाताना म्हणाली, "मॅडम, गाठ ओढून पाहीन." मला तिच्याकडे बघवेना.

२४ फेब्रुवारी

नाही बोलले. आजही.

२५ फेब्रुवारी

दुपारी गेले. ठरवूनच — पुंजाजींना खरं सांगायचं, आणि नकाशा राहू दे, तरी पोरीला सोडा म्हणून हात जोडायचे. ते मांडवावर डहाळे टाकत होते. बाजूला बोलावून सगळं सांगितलं. कोरडा चर, दगड, माझी सही.

पुंजाजी डहाळा खाली टाकून हसायलाच लागले.

"मॅडम, त्या गोट्याले दर साली शेंदूर मीच लावतो!"

"मग काजलला...?"

"तिलेबी म्हाइत हाय. लहानपनी तिथंच खेये ते."

"आणि भगवानराव?"

"अवो, नाला वळवला तो त्याह्यच्याच जेसीबीनं! म्हातारीचा सबद मोडाचा नाही, पोरीचं साल मोडाचं नाही. मंधात एक कागद पाह्यजे होता. तुमची सही होती, बरं झालं."

आत काजल हळदीने पिवळीधम्मक, मांडीवर पुस्तक. मला बघून हसली आणि पान उलटलं. पानाच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा उमटला.

सही अजून बोचते आहे. पेपर झाल्यावर तिच्याकडूनच शीव नीट काढून घेईन.

तो अंगठा घरी आल्यावर आठवला. उत्तरपत्रिकेवर असला डाग म्हणजे ओळखीची खूण धरतील!

उद्या: सकाळी पहिल्या एसटीने डोंगरखेड. काजलच्या उजव्या हाताला हळद लावू न देणे.