तळं डाव्या हाताला

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या वेळी अगदी मनापासून लिहिलाय. परवापासून मी आडवाच आहे.) तुझी कंबर आता कशी आहे? भावजींचं घोरणं नव्या उशीने कमी झालं, की तूच उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेलीस? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझा उजवा पाय बादलीत आहे, तुझी भावजय माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे, आणि आमची चिमणी तिसरीच्या अख्ख्या वर्गाला माझ्या बुटाची गोष्ट सांगून आली आहे.

तुझं पत्र पोचलं. अण्णांना महिनाअखेरीस कायमचं तुझ्याकडे न्यायचं, खालची खोली रंगवून ठेवली आहेस, त्यांना आता दिशेचं भान उरलेलं नाही, हे सगळं वाचलं. तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. ज्या माणसाने जन्मभर बस चालवली, त्याने आपली छोटी गाडी गेटमधून आत आणायच्या ऐवजी गेटसकट आत आणली, तर मुलाने काय करावं? मी किल्ल्या काढून घेतल्या आणि माझ्या मोज्यांच्या खणात ठेवल्या. (त्या खणात कोणी स्वखुशीने हात घालत नाही.) तेव्हापासून अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. बोलणं बंद, जेवण म्हणजे पावाची एक चकती, तीही उलटसुलट बघून परत. मध्यंतरी साबण आणायला म्हणून गेले आणि सापडले कुठे, तर जुन्या डेपोच्या फाटकाशी, हात मागे बांधून उभे. त्यावरूनच तू खोली रंगवायला काढलीस, ते मला कळतं. गेटच्या विषयावर मात्र मला सध्या जास्त बोलायचं नाही.

तर यावर तुझ्या भावजयीने उपाय काढला. ती बालवाडीत शिकवते, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न मोकळी हवा आणि सरळ रांग यांनी सुटतो अशी तिची श्रद्धा आहे. तिने कुठूनसं एक रंगीत पत्रक आणलं. दाट जंगल, जंगलात तळीच तळी, आणि तळ्याकाठाने ‘सहकुटुंब चालण्याजोगी सोपी पायवाट’. पत्रकावरच्या कुटुंबात कोणालाही घाम आलेला नव्हता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मी विरोध करून पाहिला. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत बसतो, लोक दिवसभर माझ्याशी पाण्यावरूनच भांडतात, सुट्टीच्या दिवशी पुन्हा पाणीच बघायची मला हौस नाही, असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि अंडी उकडायला ठेवली.

गाडी मीच चालवली. अण्णा मागे, खिडकीकडे तोंड करून. (भिंत नव्हती, म्हणून खिडकी.) गाड्या लावतात तिथे एक रखवालदार होता. त्याने एकच गोष्ट सांगितली, की तळं सतत डाव्या हाताला ठेवा, वळसा पुरा झाला की आपोआप गाडीपाशी याल, यात चुकायला जागाच नाही. त्या बिचाऱ्याला आपलं घराणं माहीत नव्हतं.

पायवाट बघितल्यावर अण्णांना काय झालं कोण जाणे. त्यांनी तो खाकी कोट घातलाच होता, निवृत्तीच्या दिवशी परत करायचा ‘राहिलेला’. कोटाची बटणं लावली, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले, आणि तुझ्या भावजयीच्या गळ्यातल्या शाळेच्या शिट्टीकडे बघून म्हणाले, “डबल द्या.” कितीतरी आठवड्यांनी तोंडातून निघालेले हे शब्द. तिनेही मुकाट्याने दोनदा शिट्टी वाजवली आणि गाडी सुटली. ताई, यापुढचं सगळं त्या शिट्टीने घडलं आहे. प्रत्येक वळणाला अण्णा हात बाहेर काढून इशारा देत. मागे कोण होतं? एक खार. बाक आलं की तो थांबा. थांब्यावर कोणी बसो न बसो, गाडी उभी राहायची. दोन थांब्यांच्या मध्ये कोणी खाली उतरायचं नाही, असा नियम निघाला. मला एका झाडाआड जाणं फार निकडीचं झालं होतं, त्याचीही दाद लागली नाही. चिमणी तिकिटं म्हणून पानं वाटत होती. माझ्याकडून तिने दोनदा पान परत मागितलं, आणि ते माझ्याकडे नव्हतं म्हणून मला उभ्यानेच प्रवास करायला लावला. पायी चालणाऱ्या माणसाने वेगळं उभं काय राहायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

दुपारी दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आलो. लाकडी टेबल होतं, तिथे जेवलो. अण्णांनी स्वतःची अंडी खाल्ली, माझी खाल्ली, आणि वर संत्री सोलून चिमणीला भरवली. सालींची घाण उचलायला हवी असं तुझी भावजय म्हणाली, तेव्हा साल नैसर्गिक वस्तू आहे, हरणं खातील, असं मी ऐटीत सांगितलं. निघताना अण्णा उठले, पाणी डाव्या हाताला घेतलं, डबल झाली आणि आम्ही चालू लागलो. कोणतं पाणी, हे विचारायचं मला सुचलं नाही. पाण्याच्या खात्यात इतकी वर्षं काढूनही सुचलं नाही, हे कृपा करून भावजींना वाचून दाखवू नकोस.

नंतरचा रस्ता संपेचना. सोपी पायवाट म्हणून मी कचेरीचे बूट घालून गेलो होतो. एका चिखलात उजव्या बुटाने जबडा उघडला, तळवा एकीकडे आणि मी एकीकडे. चिमणीच्या केसांची गुलाबी रिबीन सोडून त्याला बांधली. एका बदकाने माझ्या हातातला पाव पळवला आणि आपल्या मंडळींना बोलावून आणलं. वाटेत गळ टाकून बसलेला एक मासेमार भेटला. मी त्याला रस्ता विचारणार, तेवढ्यात अण्णाच पुढे झाले, बराच वेळ त्याच्याशी खालच्या आवाजात बोलले, आणि सरळच आहे असं सांगून चालू पडले. मागे फिरू या, अशी मी एकदा भीत भीत सूचना केली. भरल्या गाडीने रिव्हर्स घेत नसतात, असं उत्तर मिळालं. मग ते चिमणीला घाटातली, ब्रेक तापल्याची गोष्ट सांगू लागले. ती गोष्ट आपण दोघांनी शंभरदा ऐकली आहे आणि दर वेळी दरी थोडी खोल होते. पण तुझी भावजय इतकी हसली की तिला एका बाकावर, म्हणजे थांब्यावर, बसवावं लागलं.

शेवटी एका टेबलाशी पोचलो. टेबलावर संत्र्यांच्या साली. माझं डोकंच फिरलं. असल्या रानटी लोकांना घराबाहेर पडूच देऊ नये, यांच्या घरात शिकवण म्हणून काही आहे की नाही, असं मी तावातावाने बोलत राहिलो. चिमणीने सालींकडे निरखून बघितलं. त्या सालींचा कोणीतरी हसरा चेहरा मांडला होता. “बाबा, हा मीच केलाय,” ती म्हणाली. तेव्हा कळलं, की आम्ही अख्ख्या दुसऱ्याच तळ्याला प्रदक्षिणा घालून जेवणाच्या जागी परत आलो आहोत. पहिल्या तळ्याचा अर्धा वळसा अजून शिल्लकच होता. साली मीच उचलल्या.

गाडीपाशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि माझा पाय सुजून टम्म झाला होता, पेडल दाबणं अशक्य. तुझ्या भावजयीला गाडी येत नाही. अण्णांनी तळहात पुढे केला. मी बराच वेळ दुसरीकडे बघितलं, मग किल्ल्या दिल्या. त्यांनी आरसा पुसला, कोट सारखा केला, आणि पोटातलं पाणी हलू न देता आम्हाला घरी आणलं. फक्त वाटेतल्या प्रत्येक बसथांब्यावर गाडी थांबवली. एका थांब्यावर एक बाई पिशवीसकट आत बसायला निघाल्या होत्या.

तेव्हा ताई, तुझं म्हणणं खरं आहे. माणसाला एक तळं आणि दुसरं तळं यातला फरक कळेनासा झाला, तर आणखी पुरावा तो काय हवा? मी माझ्या परीने सगळं खरं खरं तुझ्यापुढे ठेवलं आहे. भावजींना नमस्कार, तुझ्या मुलांना आशीर्वाद, आणि तुझ्या कमरेला विश्रांती.

तुझा,
एकाच बुटात उरलेला भाऊ

ता. क. — वरचं सगळं खरं असलं, तरी त्या खालच्या खोलीत भावजींना घोरायला पाठव. अण्णांना मी देत नाही. काल ते जेवायला आमच्याबरोबर बसले आणि भाजीला मीठ कमी म्हणून कुरकुरले. ती कुरकुर ऐकून मला भरून आलं, हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही. ते घरात हवेत मला. महिनाअखेरीस तू ये, पण न्यायला नको, नुसती ये. आणि भावजींचे जुने जाड बूट घेऊन ये. येत्या रविवारी तिसरं तळं आहे.

आणखी ता. क. — बाळ, हे मी लिहितो आहे. पाकिटावर पत्ता घालायला दिलं, म्हणून आतलं वाचलं. ते दुसरं तळं आहे हे मला टेबलावरून उठतानाच ठाऊक होतं, त्या मासेमाराला फक्त गप्प राहायला सांगितलं. बरोबर गेलो असतो तर दुपारीच घरी पोचलो असतो आणि मी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं. डेपोशीही मी चुकून गेलो नव्हतो, मला जावंसं वाटलं. बाकी तुझ्या भावाने सगळं खरं लिहिलं आहे, एक तेवढं राहून गेलं. काल सकाळी पाय बरा आहे की नाही बघायला त्याने गाडी बाहेर काढली. गेटचा दुसरा खांबही आता पडला आहे. किल्ल्या माझ्याकडे आहेत.