जिवाणू, फिनेल आणि तुमची बहीण

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझाच, वाकून नमस्कार. (हे वाकणं नुसतं पत्रापुरतं नाही. हल्ली मी बहुतेक वेळ वाकलेलाच असतो, त्याचं कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? आणि सध्या तुमच्याकडे जी मुक्कामाला आहे तिची भूक, झोप आणि मुख्य म्हणजे माझ्याविषयीचं मत, यांत काही सुधारणा? तिने तिची बाजू तुम्हाला सांगितली असेलच. तिची सांगण्याची हातोटी मला ठाऊक आहे, त्यामुळे एव्हाना तुम्ही माझ्यावर खार खाऊन बसला असणार. पण दादा, मी काही कैफियत मांडायला बसलेलो नाही. बातमी एवढी मोठी आहे की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. आमची संडासाची टाकी का तुंबत होती ते सापडलं!

सुरुवात अगदी साधी झाली. वरच्या संडासात फ्लश ओढला की खालच्या मोरीतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा. तुमची बहीण दोनदा "कोण आहे?" म्हणून बघून आली. मग पाणी उतरेनासं झालं, मग वर यायला लागलं, आणि मग परसात जो वास सुटला त्याचं वर्णन मी करत नाही, कारण हे पत्र तुम्ही चहाच्या वेळी उघडणार. मी मात्र, खरं सांगतो, हरखून गेलो. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, जगातल्या झाडून सगळ्या नद्यांचे उगम आणि मुखं पोरांकडून घोकून घेतली, पण माझ्या स्वतःच्या घरातलं पाणी भिंतीपलीकडे गेल्यावर कुठल्या वाटेने जातं आणि कशाला मिळतं याचा मला पत्ता नव्हता! आपल्याच घराखाली एक आख्खं खोरं आहे, दादा, आणि आपण त्यावर खुर्च्या टाकून बसतो. हे सगळं मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. (ती तेव्हा जेवत होती. तिच्या तक्रारीत हा मुद्दा आलाच असेल.)

आधी प्लंबर आला. त्याने पाइपचा सांधा बघितला, कपाळाला हात लावला आणि हे काम कुठल्या गाढवाने केलंय असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच केलंय. त्यावर त्याने सांधा पुन्हा नीट बघितला आणि सांध्यात तसा काही दोष नाही, टाकी भरली असेल, असं सांगून तो चालता झाला. मग मैला उपसणारा टँकर मागवला. टँकर काही परसापर्यंत पोचेना, तेव्हा त्याचा तो हत्तीच्या सोंडेएवढा नळ पुढच्या दारातून आत, बैठकीच्या खोलीतून, सोफ्याच्या कडेने, मागच्या दारातून बाहेर असा नेला. तुमच्या बहिणीने नळाखाली वर्तमानपत्रं अंथरली, सोफ्यावर चादर टाकली आणि स्वतः जिन्यावर जाऊन बसली. टँकरवाल्याने यंत्र सुरू केल्यावर नळ असा काही थरथरायला लागला की आमच्या कपाटातल्या कपबशा वाजू लागल्या. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पळत होतो. फार मजा आली. टाकी रिकामी झाली, हिने सगळं घर धुऊन काढलं, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच मोरी पुन्हा खाकरली.

इथे शेजारच्या काकांचा प्रवेश होतो. काका औषधाच्या कारखान्यात होते, त्यामुळे त्यांना सगळे रोग जंतूंमुळेच झालेले दिसतात, टाकीचासुद्धा. त्यांचं म्हणणं असं की टाकीत चांगले जिवाणू असतात, तेच बिचारे सगळं पचवतात. तुमचे उपाशी मेलेत, नवीन सोडा. त्यांनी मला एक पावडर आणून दिली. दादा, त्या पुडीत कोट्यवधी जीव होते! ही दुपारी जरा लवंडली की मी कोमट पाण्यात गूळ विरघळवून त्यात ती पावडर कालवायचो आणि संडासात जपून ओतायचो. रोजच्या रोज. माझा जीव जडला हो त्यांच्यावर. एकदा थंडी पडली तेव्हा मी टाकीच्या झाकणावर जुनी सतरंजीही घातली. हिला यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण संडासात गूळ ओततोय म्हटल्यावर तिने काय केलं असतं ते मला दिसत होतं. पण तिनेही मला एक गोष्ट सांगितली नव्हती. वास मरावा म्हणून ती रोज सकाळी त्याच संडासात आख्खी बाटली फिनेल ओतत होती! म्हणजे बघा, एकाच छपराखाली मी दुपारी लेकरं पाळत होतो आणि ही सकाळी त्यांचा निर्वंश करत होती, आणि वर दोघंही एकमेकांना सांगत होतो की बघ, जरा फरक पडतोय.

हे उघडकीला आलं तेव्हा व्हायचं ते झालं. मी तिला जिवाणूंच्या हत्येबद्दल बोललो, ती गुळाबद्दल बोलली. मग म्हणाली, या घरात एक तर तुमचे जंतू राहतील नाहीतर मी. आता दादा, तुम्हीच सांगा, हा प्रश्न जरा अचानक आला की नाही? मी उत्तर देणारच होतो, आणि उत्तर अर्थात तेच होतं जे असायला हवं. पण मला वाटलं की दोन्ही बाजू एकदा नीट समजावून द्याव्यात. मी "तसं बघायला गेलं तर" एवढंच म्हणालो आणि ती बॅग काढायला गेली.

ती गेल्यावर मी कुदळ घेतली. सूड म्हणून नाही, मला घरात बसवेना. टाकीतून बाहेर पडणारा पाइप पुढे शोषखड्ड्याला मिळतो (टाकीत निवळलेलं पाणी जिथे जमिनीत जिरतं तो खड्डा), तेव्हा त्या पाइपच्या कडेकडेने मी खणत गेलो. काका कुंपणापलीकडून सूचना देत होते. खणता खणता कुठे पोचलो असेन? हिच्या अंजिराच्या झाडाखाली! पाइप फुटलेला, आणि आत मुळ्याच मुळ्या, दादा, गच्च, वेणी घातल्यासारख्या. पुढचा खड्डाही मुळ्यांनी ठासून भरलेला. पाण्याला जायला जागाच नव्हती. जिवाणू निर्दोष, आणि फिनेलही (निदान तुंबण्यापुरतं) निर्दोष! मी खड्ड्यात उभा राहून अक्षरशः नाचलो. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून काकांनाच मिठी मारली. त्यानंतर ते आंघोळीला गेले आणि पुन्हा कुंपणाशी आलेले नाहीत.

आता एक नाजूक गोष्ट. ही सगळ्यांना अभिमानाने सांगते की मी माझ्या झाडाला खत म्हणून चिमूटभर घालत नाही, नुसती माया करते, आणि तरी फळ बघा कसं येतं. तेव्हा ते कसं येतं हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. दर वर्षी तुम्ही इथून पेटी भरून नेता आणि मधासारखी गोडी आहे म्हणून कळवता. त्या गोडीत आमच्या कुटुंबाचा एवढा वाटा असेल असं मलाही ठाऊक नव्हतं. फळ धुऊन खाल्लं की काही होत नाही, काकांनीच सांगितलंय.

गवंड्याने तीन उपाय सांगितले. झाड तोडा आणि मोकळे व्हा, हा पहिला आणि त्याच्या मते एकमेव. मुळ्या छाटा आणि दर वर्षी छाटत बसा, हा दुसरा. नाहीतर झाडाचा नाद सोडून पलीकडच्या बाजूला नवा पाइप आणि नवा खड्डा. पण पलीकडच्या बाजूला माझी पत्र्याची खोली होती, जिथे माझे नकाशे, पृथ्वीगोल आणि खडकांचे नमुने असतात आणि जिथे मी दुपारचा असतो. मी यावेळी लगेच उत्तर दिलं, दादा. गवंड्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. खोली पाडली. नवा खड्डा तयार आहे, तळाशी दगड, वर खडी, बघत राहावं असा. झाड जागच्या जागी आहे. ते तोडून घर सुरळीत वाहतं केलं असतं, पण मग त्या मोकळ्या जागेकडे बघत जेवणं मला जमलं नसतं. तसंही हल्ली मला जेवण जात नाही. समोर बसून "जेवताना नको" असं कुणी म्हणत नाही, आणि कुणी तसं म्हणणारं नसलं की टाकीबद्दल बोलण्यातही काही अर्थ उरत नाही.

वहिनींना नमस्कार. तुमच्या गुडघ्याला जपा.

तुमचाच,
खड्ड्यातून नुकताच वर आलेला मेहुणा

ता. क. – तिला परत पाठवा. मी म्हटलं असं म्हणू नका, आपसूक विषय निघाल्यासारखं करा. अंजिराचा परिच्छेद तिला वाचून दाखवू नका. आणि माझी खोली गेल्यामुळे थोडं सामान झोपायच्या खोलीत आलंय, तेही आताच सांगू नका. मोठा पृथ्वीगोल तिच्या उशीवर आहे, तो ती येण्याआधी मी हलवीन.

ता. क. दुसरा – खरं सांगायचं तर काम अजून पुरं झालेलं नाही. नव्या पाइपची चाचणी व्हायची आहे, आणि ती एकट्याने होतच नाही. एकाने वर फ्लश ओढायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने खाली उघड्या चेंबरपाशी उभं राहून पाणी येतं का ते बघायचं. मी वर ओढून जिना उतरून धावत येईपर्यंत जे जायचं ते निघून गेलेलं असतं. आज सकाळपासून मी हेच करतोय. प्लंबर म्हणतो उद्या, काका दार उघडत नाहीत. आणि आले असते तरी, दादा, मला ते दुसऱ्या कुणाबरोबर बघायचं नाहीये.

ता. क. तिसरा – दादा, आता मी लिहितेय. पत्र टाकायला हे घरातून निघाले आणि फाटकातच यांची-माझी गाठ पडली. अंजीर पिकायला आले असतील म्हणून मी आले, दुसरं काही कारण नाही, हे वहिनीलाही सांग. पत्र मी सगळं वाचलं, अंजिराचंसुद्धा. त्यावर यांच्याशी बोलायचंय ते मी बोलेन. उशीवर पृथ्वी अजून तशीच आहे.

बॅग खाली ठेवायच्या आत यांनी मला वर पाठवलं. मी फ्लश ओढला, तर खालून "आलं! आलं!" असा आरडाओरडा. आख्खी गल्ली गोळा झाली, कुणाला वाटलं आमच्याकडे तार आली, कुणाला वाटलं पाहुणे. लाजेने मला तोंड वर करवेना. मग हे म्हणायला लागले, एकदा ये, बघ, एकदाच बघ. मी म्हटलं, तुमची पिरपिर थांबेल म्हणून बघते. यांना वर पाठवलं आणि चेंबरपाशी मी उभी राहिले.

दादा, पाणी असं वळण घेऊन येतं ना! मी यांना आणखी दोनदा ओढायला लावलं. वहिनीला सांगू नकोस.