तंगमला झोपवायचं आहे

३ फेब्रुवारी, शनिवार

मासा मारायचा आहे. म्हणजे मारायचा नाही, झोपवायचा. अनिरुद्धराव हाच शब्द बोलले.

सकाळी मी कापीचा पेला घेऊन तिन्नैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसले होते, तेवढ्यात ते शेजारच्या दारातून आले. गणिताचे मास्तर होते, शर्टाची वरची गुंडी कधी उघडी नसते. आज दोन्ही बाह्या ओल्या! "अक्का, जरा येता का? तंगमला बघा."

तंगम म्हणजे त्यांची सोनेरी मासोळी. खरं तर त्यांच्या बायकोची, अलमेलूची. अलमेलू जाऊन सहा वर्षं झाली, मासोळी आहे. बोटाएवढी आणली होती, आता माझ्या तळहाताएवढी. पोट टम्म फुगलंय, खवले अननसासारखे उभे. पाण्यावर एका कुशीवर तरंगते. मध्येच सरळ व्हायला बघते, होत नाही. मीठ घालून झालं, औषध घालून झालं. आठ दिवस काही खाल्लं नाही.

"तुम्हीच झोपवा हिला," म्हणाले. "ऑपरेशनला अलमेलूलाही तुम्हीच झोपवलंत. तिला काही कळलं नाही असं तुम्ही सांगितलंत. तसंच."

चौतीस वर्षं इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिले. माणसं झोपवली, माणसं उठवली. पण मासा?

हो म्हणून आले. का म्हटलं, कळत नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार मणी म्हणाला, "फ्रीजरमध्ये ठेवा अम्मा, नाहीतर संडासात सोडा. नवी जोडी देतो, तशीच दिसते."

तशीच दिसते! पिशवी उचलून परतले.

संध्याकाळी दिव्यश्रीला फोन केला. माशांची डॉक्टर आहे, खेड्यांतल्या मत्स्यतळ्यांवर फिरते. हिच्या आईबरोबर मी नोकरी केली, म्हणून मला अत्तै, म्हणजे आत्या, म्हणते. व्हिडिओवर तंगम दाखवली. बराच वेळ बघितलं तिने.

"आता हे बरं होणार नाही, अत्तै. पण फ्रीजर नको. थंडीने हाल होतात, ते दिसत नाहीत इतकंच. संडास तर नकोच. लवंगेचं तेल घ्या."

दातदुखीला लावतात ते! कोमट पाण्यात घालून बाटली जोरात हलवायची, पाणी दुधासारखं होईपर्यंत. मग टाकीतलंच पाणी एका भांड्यात काढून, तिला त्यात ठेवून, थोडं थोडं ओतायचं. गाढ झोपली की उरलेलं सगळं. "आणि कल्ले थांबले तरी अर्धा तास बाहेर काढू नका. कल्ले थांबले म्हणजे मेली असं नसतं. स्वच्छ पाण्यात टाकलीत तर उठेल."

उठेल. हे तिने सांगायला नको होतं.

७ फेब्रुवारी, बुधवार

काय केलं मी हे!

दहा वाजता गेले. अनिरुद्धरावांनी पितळेची परात घासून ठेवली होती. देवाला नमस्कार केला त्यांनी. मासोळीला मराठीतून काहीतरी हळू बोलले, मी ऐकलं नाही. मग म्हणाले, "करा."

सगळं दिव्यश्रीने सांगितलं तसं केलं. स्वयंपाकघरभर लवंगेचा वास. तंगम आधी दचकली, मग हलकी झाली, मग आडवी. शेपटीला बोट लावलं तर हललीही नाही. कल्ले मोजायला लागले. सवयच ती. एक. थांबा. दोन. मोठा थांबा. तीन...

चौथा आलाच नाही. आणि माझा हात गेला! मी ठरवलं नाही, विचार केला नाही. शेजारच्या बादलीत स्वच्छ पाणी होतं, हात धुवायला ठेवलेलं. तंगमला उचलून त्यात घातलं, धरून पुढे पुढे ढकलत राहिले. पाणी तोंडात जावं, कल्ल्यांतून जावं. कल्ला हलला. पुन्हा हलला. "आली!" मी ओरडले. ऑपरेशन थिएटरमध्ये ओरडत असू तशीच!

मग वर बघितलं. अनिरुद्धराव भिंतीला टेकून उभे होते.

"उठली?" एवढंच म्हणाले. आनंदाने की रागाने, मला कळलं नाही. त्यांना तरी कळलं असेल का?

८ फेब्रुवारी, गुरुवार

तंगम जिवंत. पुन्हा त्याच कुशीवर. मी गेले नाही, भिंतीपलीकडून त्यांनी सांगितलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस डोकं जागेवर नाही. भाताला मीठ घातलं नाही, दूध उतू गेलं. ज्यांचं काही होणार नाही अशी माणसंही आम्ही उठवली आहेत. तेव्हा हा प्रश्न माझा नव्हता, डॉक्टरांचा होता. आता डॉक्टर नाही. मीच आहे आणि एक परात आहे.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी लिहूनच टाकते. बाबांनी शिकवलेली ही मराठी अक्षरं वाचणारं घरात आता कुणी नाही.

अलमेलूला झोपवताना मी होते. हात धरला होता, "दहापासून उलटे आकडे म्हणा" म्हटलं, सातापर्यंत आली. एवढं खरं. मग पलीकडच्या थिएटरमध्ये एक बाळंतीण अडली म्हणून मला बोलावलं. तीन तास तिकडे. परत आले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

अनिरुद्धराव बाहेर बाकावर होते. हातात तिची चप्पल. मी म्हटलं, "तिला काही कळलं नाही. मी होते शेवटपर्यंत."

पहिलं वाक्य बहुधा खरं असेल. दुसरं खोटं.

सहा वर्षं त्या वाक्याबद्दल पोंगलच्या सणातल्या गोड भाताचा पहिला वाटा त्यांच्याकडून माझ्या घरी येतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

तेच आले. उभ्या उभ्या म्हणाले, "तुमचं चुकलं नाही, अक्का. पण ती सारखी काचेवर आपटते. मला बघवत नाही."

"दुसरं कुणी बघू या का? दिव्यश्रीला बोलावते."

"नाही. तुम्हीच. तुम्ही सोडून जात नाही."

त्याच क्षणी सांगायचं होतं. पण "उद्या येते" म्हटलं.

११ फेब्रुवारी, रविवार

झालं.

या वेळी घरात बादलीच ठेवू दिली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून बसले, शाळेतल्या पोरीसारखी. तेल त्यांनी ओतलं, मी सांगत गेले. आता थोडं. थांबा. आता बाकीचं.

कल्ले थांबले. त्यांनी घड्याळ समोर ठेवलं. अर्धा तास. इतका लांब अर्धा तास मी कुठल्याच थिएटरमध्ये पाहिला नाही. ते बोलत राहिले. तंगम अलमेलूच्या बांगड्यांचा आवाज ओळखायची, इतर कुणी दाणे टाकले तर वर यायची नाही, अलमेलू गेल्यावर चार दिवस उपाशी राहिली, मग यांच्याही हातचं खायला लागली. मध्येच म्हणाले, "तेव्हाही अशाच बसला होतात ना, तिच्याजवळ?"

मी पाण्याकडे बघत राहिले.

चाळीस मिनिटांनी बाहेर काढली. कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरली. खड्डा मी खणला. ते रडले, मी नाही. मला हलकंही वाटत नाही, जडही नाही. बरोबर केलं असं वाटतं आणि लगेच वाटतं, कशावरून? बुधवारी उठली तेव्हा मला किती आनंद झाला होता! तो खोटा होता का?

घरभर लवंगेचा वास येतोय. की माझ्याच हातांना?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं. सगळं, त्यांच्याच तिन्नैवर बसून.

रागावले नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग तिच्याजवळ कोण होतं?"

सहा वर्षांत हे मी कुणाला विचारलंच नव्हतं! आठवून आठवून नाव सापडलं. वरलक्ष्मी, तेव्हा नवी नर्स, आता कुंभकोणमला असते. तिथूनच फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"ती बाई? आठवते ना, अक्का. ऑपरेशन झाल्यावर जागी झाली होती. थोडाच वेळ. माझा हात धरून काहीतरी म्हणाली, तुमच्या मराठीत. मला कळलं नाही. कुणाला तरी विचारीन म्हणून पाठ करून ठेवलं. मग कुणी माझ्याकडे आलंच नाही."

अनिरुद्धरावांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बोला," म्हणाले. "तसंच्या तसं बोला."

ती बोलली. तीनच शब्द, तिच्या तमिळ जिभेवर वेडेवाकडे झालेले. मला कळले. अनिरुद्धराव आधी हसले, मोठ्याने हसले! मग खांबाला धरून खाली बसले.

ते शब्द इथे लिहीत नाही. ते त्यांचे आहेत.