फॅक्स पुसट आला

दि. ४ मार्च

चि. सूनबाईस,

तुला आणि चिमणीला बाबांचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. चिमणीने कोपऱ्यात काढलेला हत्ती आम्हाला फार आवडला. तुझी सासू त्याला बैल म्हणते, पण तिचं तू मनावर घेऊ नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो तुमच्या लग्नाआधीपासूनच कुरकुरतोय.

इंटरनेट आणि फॅक्सचे स्वस्तातले पर्याय तू किती नीट लिहून पाठवलेस! नोकरी आणि पोर सांभाळून एवढी चौकशी केलीस, वाचताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. एकेक तपासून पाहतोय. टेलिफोनची तार काढून टाकायची, नुसतं इंटरनेट घ्यायचं आणि फॅक्स ई-मेलमध्ये मागवायचा, हे सगळ्यात स्वस्त. पण त्यात नंबर बदलतो. दफनभूमीच्या कचेरीत, दवाखान्यांत, सगळीकडे आपला हाच नंबर लिहिलेला आहे. फोन आणि इंटरनेट एकत्र घेतलं तर नंबर राहतो, पण भाडं जरा जास्त पडतं आणि करारात अडकावं लागतं.

कंपनीचा माणूस येऊन गेला. टाय-बीय लावून आला होता, आपल्या कारखान्यातल्या दगडाच्या धुळीने पाच मिनिटांत पांढरा झाला. मला म्हणतो, "काका, मोठा प्लॅन घ्या, काम झटपट होईल." म्हटलं, "बाबा रे, मी थडग्यांचे दगड कोरतो. माझी गिऱ्हाइकं घाईत नसतात." तो हसला नाही. बहुतेक घरी गेल्यावर हसला असेल.

मोबाइलने कागदाचा फोटो काढून पाठवणं मला जमतं, पण ते कचेरीला चालत नाही. त्यांना फॅक्सवरचीच सही लागते. राहिला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, पानामागे पैसे घेणारा. तेही परवडेल. पण लोक आपल्या माणसाचं नाव लिहून पाठवतात, आणि ते मी तिथे ओळखपत्रांच्या प्रती काढणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून घ्यायचं? मन होत नाही.

आपला पोरगा गेल्यापासून मशीनकडे लक्ष द्यायला कोणी नाही. तो रोज सकाळी मऊ ब्रशने आतली धूळ काढायचा. मला ते सुचत नाही. त्यामुळे त्याच्या दगडाचा मजकूर तू सही करून पाठवलास, तो कागद याही वेळी पुसट आला आहे. मधोमध काळी रेघ, सही दिसत नाही. आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे. घरच्यांची सही हातात आल्याशिवाय दगडाला छिन्नी लावायची नाही, कारण कोरलेलं खोडता येत नाही. परक्यांना जो नियम तोच आपल्याला. सवड होईल तसा पुन्हा पाठव.

पत्राच्या शेवटी तू तुमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांबद्दल लिहिलं आहेस. त्यांनी लग्नाचं विचारलं आहे, आणि त्याचा दगड उभा राहीपर्यंत तू त्यांना उत्तर देणार नाहीस. वाचलं मी ते. त्याबद्दल सावकाश लिहीन. तशी घाई काही नाही.

तुझे,
बाबा

 

दि. १९ मार्च

चि. सूनबाईस,

आशीर्वाद.

परवा तुझा कागद आला. वर तू लिहिलंस, "बाबा, या वेळी जाड पेनाने सही केली आहे. आता तरी दिसेल." मी तो हातात घेऊन बसून राहिलो. तेवढ्यात तुझी सासू चहा घेऊन आली. तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि दारापाशी उजेडात जाऊन वाचला.

"अहो, हे तर मला चष्म्याशिवाय वाचता येतंय."

मी म्हटलं, "मशीन जुनं झालंय."

"मशीनला कशाला नावं ठेवता? तुम्हाला त्याचा दगड कोरायचा नाहीये, तसं सांगा की. ती बिचारी तिकडे पेनं बदलत बसलीय."

कागद माझ्या हातात परत देऊन ती आत निघून गेली. तिचा चहाही तसाच निवत राहिला.

सूनबाई, तुझा पहिला कागदही स्वच्छ आला होता. दुसराही. रेघ नव्हती, डाग नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि ते खोटं खरं वाटावं म्हणून तुला इंटरनेटच्या चौकशा करायला लावल्या.

आयुष्यभर लोकांच्या मुलांची नावं कोरली. बाप समोर उभे राहून रडायचे आणि मी मान खाली घालून ठोकत राहायचो. मला वाटायचं, आपल्याला सवय आहे. कसली सवय! तुझा पहिला कागद आला तेव्हा त्याचं नाव दगडावर खडूने आखून घेतलं आणि छिन्नी टेकवली, पण हातोडी उचलवेना. शेवटी ओल्या फडक्याने खडू पुसून टाकला.

एवढंच असतं तर तू समजून घेतलं असतंस. पण मनात दुसरंही होतं. फॅक्सची घंटा वाजली की मला वाटायचं, तुझं काहीतरी आलं. एकदा दगड उभा राहिला की तुला मला कागद पाठवायचं कारण उरणार नाही. तू सरांना हो म्हणशील, चिमणी त्यांना बाबा म्हणायला लागेल, आणि आमच्या घरात त्याचं म्हणून काही राहणार नाही. त्या सरांचा मला रागसुद्धा आला. ज्यांना कधी पाहिलं नाही, ज्यांनी माझं काही घोडं मारलेलं नाही, त्यांचा! तू माझ्या भरवशावर थांबली होतीस आणि मी तुला अडवून धरलं होतं. मला याची फार लाज वाटते.

काल सकाळी कोरायला घेतलं. तुझी सासू समोर स्टूल टाकून बसली. धूळ उडते, आत जा म्हटलं, तिने ऐकलं नाही. पहिल्या अक्षराला छिन्नी जरा सरकली, त्यामुळे त्याची उभी रेघ जराशी जाड झाली आहे. दुसऱ्या कुणाच्या दगडावर मी हे खपवून घेतलं नसतं. तू सांभाळून घे. नाव, दोन तारखा आणि त्याखाली तुझी ओळ, "आम्हाला खूप हसवलंस." मला आधी ती ओळ दगडावर शोभणार नाही असं वाटलं होतं. कोरताना एकेक अक्षर पटत गेलं. ती झाल्यावर मी खूप रडलो. त्याच्या अंत्ययात्रेतही इतका रडलो नव्हतो.

शनिवारी दगड उभा करतोय. यायचं असेल तर ये. सरांना आणावंसं वाटलं तर त्यांनाही आण, मी नीट बोलेन. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

फोन आणि इंटरनेट एकत्रवाली जोडणी घेतली. सगळ्यात स्वस्त नाही, पण नंबर तोच राहील.

आता तू सरांना हो म्हण. मला बरं वाटावं म्हणून नको, तुला म्हणावंसं वाटतंय म्हणून म्हण. चिमणी त्यांना बाबा म्हणाली तर म्हणू दे. तिला कुणी अडवू नका, आणि माझ्यासमोर म्हणाली तर दटावू नका. नव्या घरावर आमचा हक्क नाही, हे मला कळतं. सासऱ्याने तिथे पत्रं लिहावीत की नाही, तेही मला माहीत नाही. तरी पत्ता कळव. तुमच्या घरात तसं ठरलं तर आम्ही येऊ, नाहीतर पत्ता नुसता आमच्याजवळ असू दे.

तुझा आणि त्याचा,
बाबा