हाराला कांद्याचा वास का होता

माळवाडी (औंधच्या पुढे अकरा किलोमीटर)
गुरुवार, १४ मार्च १९७४

तीर्थरूप मामांस,

अंजनाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण डाव्या तळव्याला अजून पट्टी आहे, तेव्हा जे घालता येणार नाही ते लिहीत नाही. तुमच्या डोळ्यावरची सूज एव्हाना उतरली असेल. पेटीतल्या सातेरी माशीचा काटा होता, आग्या माशीचा नव्हे. तीन दिवसांत उतरायला हवी. उतरली नसेल तर डॉक्टरांना दाखवा, चुना लावू नका. राहीमामींचे गुडघे, गडी गुंडाचा खोकला, खोडव्याचा ऊस आणि व्यायलेली म्हैस हे सगळे ठीक असावे. गोठ्याच्या भिंतीतले मोहोळही ठीक असावे. मामींचे पत्र सोमवारी पोचले. येत्या अमावस्येला, म्हणजे शनिवारी तेवीस तारखेला, त्या मोहोळाला रॉकेलचा बोळा द्यायचा हुकूम तुम्ही गुंडाला दिला आहे, असे त्यात आहे. भिंत तुमची आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. (अमावस्येला पोळ्यात मध जास्त असतो असे सगळेच म्हणतात. मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात आम्ही दोन महिने वजन करून पाहिले, नसतो. पण तेही असो.)

पत्राचे कारण एवढेच की दोन तारखेला इथल्या शाळेत जे झाले, त्याचा तुम्हाला फक्त मधला भाग माहीत आहे. तुम्ही साडेदहाला आलात आणि चारच्या गाडीने गेलात. आधीचे आणि नंतरचे मी लिहिते.

आधीचे असे. आमचे नाथाजी गुरुजी तिसरी-चौथीला शिकवतात. कार्यानुभवाच्या तासाला इतर शाळा टकळीवर सूत कातवतात. इथे टकळ्या आल्या, कापसाचे पेळू आलेच नाहीत. मी या भागात मधपेट्या देण्यासाठी नेमलेली, आणि या माळावर पेटी घ्यायला कोणी तयार नाही. (बरोबरच आहे. दुष्काळाने माणसे खडी फोडायला गेली तिथे माशीने काय खावे?) तेव्हा गुरुजींनी सुचवले की पेट्या शाळेने घ्याव्यात आणि माश्यांच्या पोटाची सोय मुलांनी करावी. मी मेढ्याच्या रानातल्या माश्यांच्या दोन वसाहती पेट्यांत आणून शाळेमागे ठेवल्या. दुष्काळात मारलेल्या बोअरचे सांडपाणी तिथूनच वाहते. त्यावर तेवीस मुलांनी तेवीस वाफे केले. पाण्यासाठी खापऱ्या, त्यांत माश्यांना बसायला खडे. भुंग्यांना राहायला ज्वारीच्या पोकळ ताटांची जुडी बांधली, ती दगडाच्या शेळीने खाल्ली. दुसरी बांधली, तीही खाल्ली. तिसरी आता छपराला टांगलेली आहे आणि तिच्यात दोन भुंगे राहतात. (दगडा म्हणजे कोंडीबा मेंढक्याची मुलगी, वय नऊ. आधीची दोन भावंडे गेली म्हणून हे नाव. तुम्हाला हार घातला तीच.)

वाफ्यांत काय लावायचे, यावर भांडण झाले. माशीला फूल लागते. इथे हिवाळ्यात लावण्यासारखे म्हणजे कोथिंबीर, मुळा आणि बियाण्याचा कांदा. पण कोथिंबीर आणि मुळा खायचे असतील तर फूल येण्याआधी काढावे लागतात आणि माशीसाठी ठेवायचे तर काढता येत नाहीत. ही साधी गोष्ट गावातल्या बायकांना पटवणे मला जमले नाही. फुलावर गेलेली कोथिंबीर म्हणजे आळशी बाईची खूण, हा इथला नियम आहे. सरपंच तात्याबांच्या आई चंद्राबाई रोज पाण्याला येत आणि हांड्यामागून मला ऐकू येईल असे बोलत, "आमच्या येळला वाफा फुलावर गेला तर सून म्हायेरी धाडायचे. हितं मास्तरच करतोय, त्याला कुटं धाडायचा?" जानेवारीत एका आजीने विळा घेऊन थेट नातवाचा वाफा गाठला, तर नातू त्यावर बसला. शाळा सुटेपर्यंत उठला नाही. (वाफ्याचे नुकसान आजीने केले असते त्याहून जास्त झाले.) पण फेब्रुवारीच्या मध्यावर फुले आली, मामा. तीन कोसांत दुसरे फुललेले काही नव्हते. दगडाने वही घातली: तारीख, फूल, आणि शंभर आकडे म्हणेपर्यंत फुलावर आलेल्या माश्या. ही पद्धत मी तिला शिकवली. मी कुठे शिकले ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या गोठ्याच्या भिंतीसमोर, मॅट्रिकच्या दोन वर्षांत. तुम्ही म्हणायचात, पोरगी भिंतीशी बोलती. मी मोजत होते.

बागेचे उद्घाटन करायला कोणी मोठा माणूस हवा असे गुरुजींना वाटले, आणि माझे मामा सुभेदार होते हे मी बोलून गेले. आयुष्यात तुमच्याकडे मी पहिल्यांदा काही मागितले, तेही पोस्टकार्डावर. तुम्ही आलात.

आता हाराचे. भाषणात तुम्ही म्हणालात, "ह्या मातीला एक येगळाच वास हाय." टाळ्या पडल्या. तो वास मातीचा नव्हता. तात्याबांनी आदल्या दिवशी औंधला माणूस पाठवला होता, पण तिथले सगळे हार एका लग्नाने नेले होते. सकाळी आठला ही बातमी आली तेव्हा मी तुम्हाला उतरवून घ्यायला औंधला निघून गेले होते आणि गुरुजी सतरंज्या मागायला गेले होते. तात्याबा शाळेमागे आले, वाफे बघितले आणि म्हणाले, "फुलं हायेत की रं! मग लावल्यात कशाला?" मुले तेव्हा घरी अंघोळीला गेली होती. तीन महिने शिव्या घालणाऱ्या बायकांना त्या वाफ्यांचा अर्थ एका क्षणात लागला. पंचवीस मिनिटांत तेवीसही वाफे साफ झाले. ओवायला चंद्राबाई बसल्या, कारण गावात त्यांच्यासारखा हात दुसरा नाही. तुमच्या हारात कांद्याचे एकेचाळीस पांढरे गोंडे होते, मधूनमधून कोथिंबिरीची आणि मुळ्याची फुले, खाली वाफ्यांच्या कडेचे एकुलते सूर्यफूल. (नंतर जमिनीवर पडल्यावर मी मोजले.) बायकांनी ते मनापासून केले. माझ्या पाहुण्यासाठी केले. मी गावात असते तर थांबवले असते, असे मी बारा दिवस स्वतःला सांगत आहे.

यापुढचे तुम्ही मामींना जसे सांगितले आहे त्यात मला थोडी दुरुस्ती करायची आहे. माश्या तुमच्यावर तुटून पडल्या नाहीत. फुलावर निघालेली माशी चावत नाही. तिला काम असते. तिचा वाफा सकाळी आठला जागेवर होता, नऊला नव्हता, आणि साडेदहाला तो फेटा बांधून चालत आला. पहिल्यांदा सात-आठच आल्या आणि गोंड्यांवर बसल्या. तेव्हा दगडा, हार घालायला चढली होती त्या स्टुलावरच, पेटीशेजारी उभी होती. ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलेत की नाही मला माहीत नाही. ती म्हणाली, "आजोबा, हलू नगा. तुमी फूल हाय असं समजा." तुम्ही सव्वीस वर्षे पलटणीत काढलीत, दोन लढाया बघितल्यात, आणि लहानपणी आम्हाला अंगणात सावधान उभे करून तुम्ही स्वतः चहा प्यायला जात होता. तुम्ही हललात. फेट्याच्या शेमल्याने मारलेत. एक माशी कॉलरखाली चिरडली. चिरडलेल्या माशीला पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासाने बाकीच्यांना कळते की घरावर संकट आहे. तरीही सगळे निभले असते, पण तात्याबा तुमच्या मदतीला काठी घेऊन धावले. काठी स्टुलाला लागली, स्टूल पेटीवर गेले, पेटी उलटली. दगडा त्याआधीच उडी मारून बाजूला झाली होती.

तुम्हाला एकूण एकोणीस काटे लागले, दोनशे नव्हे. सात पेटी पडायच्या आधी, बारा नंतर. मी एकेक करून पोस्टकार्डाच्या कडेने खरवडून काढले. चिमटीत धरले की विष आत जाते. मुलांपैकी एकालाही माशी चावली नाही. तेवीसच्या तेवीस जण शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी उकिडवे बसले होते, हात गुडघ्यांत, तोंड खाली. पळाली ती मोठी माणसे. उलटलेली पेटी मी दुपारपर्यंत सरळ करून बसवली. माश्याही शांत झाल्या. तुम्ही गाडीत बसताना मी हे सांगत होते, पण तुमचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसऱ्याने तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता.

नंतरचे थोडक्यात लिहिते. पाहुण्याला चावले, गावाची अब्रू गेली, असे तात्याबांच्या पारावर ठरले. (यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. हे मी तीनदा तपासून पाहिले आहे.) अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या आत परतल्यावर, चार माणसे शाळेमागे गेली. वेळ त्यांनी कोणाकडून तरी नीट विचारून घेतली होती. पहिल्या पेटीवर रॉकेल ओतून काडी लावली. दुसऱ्या पेटीला रॉकेल पुरले नाही, कारण ते रेशनवर मिळते आणि महिन्याची सुरुवात असूनही आले नव्हते. म्हणून तिचे दार आणि फटी ओल्या मातीने लिंपून टाकल्या. मी त्या वेळी खोलीवर बसून वरच्या कचेरीला अहवाल लिहीत होते. 'कार्यक्रम किरकोळ अडचण वगळता पार पडला.'

रविवारी शाळा नसते, पण दगडा येते. मी सकाळी आठला गेले तेव्हा ती वही मिटून बसली होती. मी वही मागितली. त्या दिवसाची नोंद अशी आहे: "फूल न्हाई. माशी न्हाई. पयली पेटी गरम. दुसरी गप." शुद्धलेखन मी दुरुस्त केले नाही. पहिल्या पेटीवरचा पत्रा उचलला. खाली निखारा होता, म्हणून पट्टी. दुसरीची माती खरवडून उघडली. सगळ्या दाराशी गोळा झालेल्या होत्या. राणी मधोमध होती. ती मी काडेपेटीत ठेवली आहे. मुलांनी बघायला मागितली, मी दाखवली नाही.

तात्याबा एवढेच म्हणाले, "बाई, तुमच्याच पाव्हण्यासाठी केलं." ते खरे आहे. चंद्राबाई मंगळवारी आल्या, मोकळ्या वाफ्यांपाशी थांबल्या आणि हांडा न भरताच परत गेल्या. त्यांच्या स्वतःच्या परसात कोथिंबिरीचा लांबलचक वाफा आहे. तो त्यांनी काढायचा थांबवला आहे. सुनेने विळा घेतला तर म्हणाल्या, "जाऊ दे फुलावर. लोक आळशी म्हंत्याल, म्हणू देत." त्याला आता कळ्या आहेत, माझ्या अंदाजाने पाडव्यापर्यंत फुलेल. आणखी चार घरी तसेच आहे. मुले खापऱ्यांत रोज पाणी भरतात. दुसरी पेटी मी रंधा मारून, उन्हात तापवून स्वच्छ केली आहे. ती मोकळी आहे. दगडाच्या वहीत आज सकाळपर्यंत बारा शून्ये झाली. एकच घालून पुढे रेघ ओढ म्हटले तर ऐकत नाही.

मामींना नमस्कार. गुंडाला खोकल्यावर अडुळसा द्यावा. मध नको, सध्या माझ्याकडे नाही.

तुमची भाची,
अंजना

ता. क. वर मी लिहिले आहे की मोहोळाबद्दल मला काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे. त्याला बोळा देऊ नका, ते मला द्या. तेवीसला शनिवार आहे, शाळा सकाळची. दुपारच्या गाडीने मी निघते, मोकळी पेटी घेऊन. बरोबर दगडा असेल. कोंडीबांनी परवानगी दिली आहे आणि तिला ऊस बघायचा आहे. शिडी, धुरासाठी दोन वाळलेल्या शेण्या आणि केळीचा दोरा तयार ठेवा. पोळी कापून चौकटींना बांधीन आणि पाडव्याच्या पहाटेच्या गाडीने परत नेईन. भिंत तुम्हाला लगेच बुजवता येईल.

ता. क. दुसरे. वरच्या पत्रात मी सगळ्यांच्या चुका क्रमाने लिहिल्या, एक सोडून. तुमची गाडी गेल्यावर तात्याबा माझ्याकडे आले होते. त्यांनी अदबीने विचारले, "बाई, ह्या माशा समद्या घरात कवा आसत्यात?" मला वाटले, दारे बंद करून पेट्या शाळेपासून लांब हलवायच्या असतील. मी घड्याळ बघून सांगितले, सव्वासातला. वर हेही सांगितले की त्याआधी नको, निम्म्या बाहेर राहतात. उत्तर बरोबर होते. कशासाठी, हे मी विचारले नाही. गावात अजून कोणाला मी हे सांगितलेले नाही. दगडाला माहीत आहे. ती शेजारी उभी होती.

ता. क. तिसरे. कराडला बदलायची गाडी चुकली तर शनिवारी पोचायला आम्हाला उशीर होईल. गुंडाला थांबवा आणि तुम्ही स्वतः भिंतीपाशी उभे राहा, हलू नका. तुमच्या गोठ्यातल्या माश्याही सव्वासातलाच सगळ्या आत असतात. ही वेळ मी दुसऱ्यांदा कोणाला तरी सांगते आहे.