बिनवासाचा डबा

गुरुवार, संध्याकाळ

तिसगावच्या पेरूबागेतला माझा रिकामा डबा आज फळमाश्यांनी गच्च भरलेला! बाकीच्या सापळ्यांत माश्यांना ओढणाऱ्या वासाचे बोळे आहेत, हा तेवढा मुद्दाम बिनवासाचा टांगला होता. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय माश्या नेमक्या कुठल्या वासाला भुलतात, हे मी सांगणार कसं? आधी वाटलं, माझ्याच हाताचा वास लागला की काय.

तेवढ्यात बागवाल्या शबानाभाभी हसत आल्या. "मॅडम, या डब्यात वासाचा बोळा घालायला तुमी विसरल्या वाटतं. मीच शेजारच्या डब्यातला अर्धा काढून घातला."

म्हणजे दोन्ही डबे गेले. बहुतेक हंगामही गेला, कारण पेरू संपत आलेत. चिडायचं तरी कुणावर? रिकामा डबा कशासाठी, हे मी त्यांना कधी सांगितलं होतं? आज सांगितलं, तर म्हणाल्या, "रिकामाच ठिवायचा, तर टांगायचा कशाला?" त्यावर उलट मीच तडकले. तरी निघताना त्यांनी पिशवीभर पेरू दिले, चांगले टपोरे, एकेक निवडून.

घरी येऊन एक कापला. आत फळमाशीच्या अळ्या. दुसरा कापला. त्यातही.